मद्याचा कारखाना आणि कलेचा आश्रय

द्राक्षाच्या मद्याचा, म्हणजे ज्याला आता सगळे वाइन म्हणतात त्याचा, उरणशी काय संबंध, असा प्रश्न कोणीही विचारील. आपल्याकडे द्राक्षाचा वेल नाही. आहेत ती भातखाचरे, मिठागरे, कोळीवाडे आणि चाळीसेक वर्षांत आलेली बंदरे व गोदामे. परंतु संबंध आहे, आणि तो एक नसून तीन आहेत.

पहिला संबंध रस्त्यावर दिसतो. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत न्हावा-शेव्याच्या वाटेवर शीतपेट्यांच्या मोटारींची जी रांग लागते, तिच्यातून नाशिक जिल्ह्याची द्राक्षे युरोपला जातात. दुसरा संबंध इतिहासातला आहे. एकोणिसाव्या शतकात उरण हे मुंबई इलाख्यातले दारू गाळण्याचे एक मोठे ठाणे होते. तिसरा संबंध या व्याख्यानमालेचाच आहे. ज्ञानाचा असो की गाण्याचा, कोणताही उत्सव चालवायचा म्हणजे मंडप लागतो, दिवे लागतात, वक्त्याचा प्रवासखर्च लागतो. हे पैसे कोण देतो आणि कशासाठी देतो, हा प्रश्न न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हाही होता आणि आजही आहे.

म्हणून आजचा विषय असा घेतला आहे की, मद्याचा एक कारखाना कसा उभा राहतो, तो गाण्याबजावण्याला आणि आसपासच्या लोकांना आश्रय देतो म्हणजे नेमके काय करतो, आणि तो आश्रय आपण कोणत्या कसोटीवर घासून पाहावा.

आधी वस्तू समजून घेऊ. गोड रसात किण्व, म्हणजे ज्याला कारखान्यात यीस्ट म्हणतात ते, शिरले की ते रसातली साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू करते. रस आंबतो म्हणतात तो हाच प्रकार. द्राक्षाचा रस असा आंबवून, गाळून, मुरवून ठेवला की वाइन झाली. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण बारा-तेरा टक्के असते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे पिळून साली आधीच बाजूला काढतात. लाल वाइनसाठी काळी द्राक्षे सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो, गरात नसतो. भट्टीची दारू ही याच्या पुढची पायरी आहे. आंबवण आचेवर चढवायची, तिची वाफ नळीने काढून थंड करायची, म्हणजे मद्यार्क वेगळा होऊन थेंबथेंब खाली येतो. उरणला जे होत होते ते हे दुसरे काम. आणि माल होता मोहाची फुले.

ही फुले आपल्या डोंगरातूनही मिळत, परंतु मोठ्या भट्ट्यांना ती पुरत नसत. पंचमहालातून आणि मध्य प्रांतातून वाळलेली फुले मुंबईस येत, तेथून गलबतांनी उरणास येत, आणि गाळलेली दारू पुन्हा पाण्यानेच मुंबईस व आसपासच्या भागास जाई. बहुतेक भट्ट्या पारशी व्यापाऱ्यांच्या होत्या आणि सरकारी अंमलदार त्यांच्यावर बसलेला असे. कारण प्रत्येक पिंपामागे सरकारला कर मिळत होता. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू ठरावीक ठिकाणी, सरकारी देखरेखीखाली गाळायची आणि गाळण्याचा व विकण्याचा मक्ता मोठ्या मक्तेदारांना द्यायचा, असे धोरण आले. ताडामाडाच्या झाडावरही कर बसला, आणि पिढ्यान्‌पिढ्या ताडी-माडी काढणाऱ्याला त्याच्याच झाडावर चढण्यासाठी परवाना लागू लागला.

यानंतर १८९२ साली मोहाचा कायदा आला. तो ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी होता, म्हणजे आपल्यासाठी होता. मोहाची फुले गोळा करणे, साठवणे आणि विकणे यांवर या कायद्याने बंधन घातले. कातकरी आणि ठाकूर ही फुले केवळ दारूसाठी वेचत नसत; चैत्र-वैशाखात घरातले धान्य संपले म्हणजे त्या फुलांवर चूल पेटत असे. चोरटी दारू थांबविण्यासाठी हा कायदा, असे कारण सांगितले गेले. परिणाम असा झाला की जंगलातले फूल घरात ठेवणारा गरीब गुन्हेगार ठरला, आणि तेच फूल शेकडो मैलांवरून आणून गाळणारा मक्तेदार प्रतिष्ठित राहिला.

ही जुनी कथा मी उगाळतो याला कारण आहे. मद्याचा धंदा इतर धंद्यांसारखा नसतो. कापड कोणीही विणू शकतो, परंतु मद्य कोणी करावे, कोणी विकावे, त्यावर कर किती, हे सर्व सरकार ठरवते. तेव्हा मद्याचा प्रत्येक यशस्वी कारखाना हा एका अंगाने कर्तबगारीचा आणि दुसऱ्या अंगाने कायद्याचा पुत्र असतो. हे ध्यानात ठेवून आता नाशिककडे वळू.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा पहिला मोठा प्रयत्न नाशिकला नव्हे, तर पुणे जिल्ह्यात नारायणगावला झाला. शामराव चौगुले यांनी १९८० नंतर तेथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळणारी वाइन तयार केली, आणि ती परदेशात ओमर खय्याम या नावाने विकली गेली. शातो इंडाज हे त्या कारखान्याचे नाव. त्याची पुढची गोष्ट नंतर सांगतो.

नाशिकची हकीकत अशी. राजीव सामंत नावाचे एक तरुण अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकले आणि कॅलिफोर्नियात ओरॅकल या संगणकाच्या कंपनीत नोकरीस होते. १९९० नंतर ती नोकरी सोडून ते परतले. गंगापूर धरणाजवळ त्यांच्या घराण्याची जमीन होती. तिथे त्यांनी आंबा, गुलाब, खाण्याची द्राक्षे असे निरनिराळे प्रयोग करून पाहिले. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हिवाळ्यात दिवस उबदार आणि रात्री थंड असतात. असे हवामान वाइनच्या द्राक्षाला मानवते हे त्यांच्या ध्यानात आले. कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांना त्यांनी सोबत घेतले. १९९७ साली सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शनां ब्लाँ या जातींचे वेल लावले, १९९९ साली कारखाना उभा राहिला आणि २००० साली पहिली बाटली बाजारात आली. आईचे नाव सुलभा, म्हणून कारखान्याचे नाव सुला. बाटलीवर मिशीवाला सूर्य आहे, तो आता पुष्कळांच्या ओळखीचा झाला आहे.

ही झाली कर्तबगारीची बाजू. कायद्याची बाजू पुढच्याच वर्षी आली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यात पिकलेल्या द्राक्षापासून केलेल्या वाइनला उत्पादन-शुल्काची माफी मिळाली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांसाठी जागा राखल्या गेल्या. पुढे २००९ साली वाइनवरच्या विक्रीकराचा मोठा भाग कारखान्यास परत करण्याची योजना आली. सवलत दिली यात गैर काही नाही. शेतमालावर प्रक्रिया व्हावी, ही मागणी शेतकऱ्यांचीच होती. परंतु जेथे सार्वजनिक तिजोरीने हात दिला आहे, तेथे जनतेला हिशेब विचारण्याचा अधिकार आपोआप येतो, एवढे लक्षात असू द्यावे.

आता या बाटलीत कोणाकोणाचे श्रम भरलेले आहेत ते पाहू. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जातो आणि द्राक्षे शरद ऋतूत तोडतात. आपल्याकडे कडाक्याची थंडी नाही, म्हणून वेल झोपत नाही. त्याला माणसाने वळण लावावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यामुळे काडी तयार होते. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यामुळे घड येतो. मग जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे एका पिकासाठी वेलाला दोनदा कात्री लागते, आणि प्रत्येक कात्रीमागे काडी बांधणे, फुटवे काढणे, पाने विरळ करणे, अशी हाताची कामे असतात. ही कामे करणाऱ्या टोळ्या पुष्कळशा पेठ आणि सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून येतात. छाटणी एकरावर ठरते. टोळीचा मुकादम बोली करतो. काम संपले की टोळी पुढच्या मळ्यावर. जिला वर्षभर एकच मालक नाही, त्या टोळीला रजा, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणातला पगार, यांपैकी काय मिळत असेल हे मोसमी कामगारांत ज्याने काम केले आहे त्याला सांगावे लागत नाही.

वाइनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षाहून वेगळे असते. ते लहान, जाड सालीचे आणि बियांचे. बाजारात ते कोणी खाण्यासाठी घेणार नाही. येथेच शेतकऱ्याची खरी गोम आहे. खाण्याच्या द्राक्षाला एका व्यापाऱ्याने भाव पाडला तर दुसरा गाठता येतो. दोन्ही नाहीत तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे कारखाना. म्हणून लागवडीपूर्वी बऱ्याच वर्षांचा करार करतात, त्यात भाव आणि गोडीचे प्रमाण ठरलेले असते. कारखाना चांगला चालला तर हा करार शेतकऱ्याला आधार देतो. बाजारभावाच्या चढउताराची झोप उडविणारी धास्ती राहत नाही. परंतु कारखाना बसला तर शेतकऱ्याच्या हातात राहतो वेल, आणि त्या वेलाचे द्राक्ष कोणालाच नको असते.

हे केवळ तर्काने सांगत नाही. २००१ च्या धोरणानंतर लहानमोठे बरेच वाइन-कारखाने निघाले आणि शेतकऱ्यांनी उत्साहाने लागवड वाढविली. २००८ साली जगभर मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, आणि वाइनचा खप घसरला. कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या, नवे द्राक्ष घ्यायला जागा नाही. नारायणगावचा तो पहिला मोठा कारखानाही कर्जाच्या ओझ्याखाली दबून बंद पडला. नाशिक भागातल्या कित्येक शेतकऱ्यांनी त्या दोन-तीन वर्षांत वाइनचे वेल मुळासकट उपटून टाकले. वेल लावून त्याला भरपूर फळ यायला तीन वर्षे लागतात; उपटायला एक दिवस पुरतो. सुला या वादळातून तरली आणि वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये तिचे भाग जनतेस विक्रीस निघाले. विक्री सुमारे ९६० कोटी रुपयांची होती आणि ती सर्व जुन्या भागधारकांनी आपले भाग विकण्याची होती. भाग-बाजारात नाव लागल्यापासून या कारखान्याचा हिशेब दर तीन महिन्यांनी जाहीर होतो. ही गोष्ट कामगाराच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण झाकलेल्या वहीपुढे मागणी करण्यापेक्षा उघड्या वहीपुढे करणे केव्हाही सोपे.

आता कलेकडे येऊ. २००५ साली या कारखान्याने मळ्यातच वाइन चाखण्याची खोली उघडली. हिंदुस्थानात ही गोष्ट नवीन होती. लोक मुंबई-पुण्याहून येऊ लागले. उतारावर पायऱ्यापायऱ्यांचे खुले प्रेक्षागृह झाले, आणि २००८ पासून तेथे फेब्रुवारीच्या सुमारास सुलाफेस्ट नावाचा संगीतोत्सव भरू लागला. देशातले आणि परदेशातले वाद्यवृंद तेथे येऊन गेले. २०२० नंतर काही वर्षे खंड पडला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा भरला. या उत्सवामुळे नाशिकला एरवी न येणारा प्रवासी आला. खोल्या भरल्या, भाड्याच्या मोटारी धावल्या, आसपासच्या खेड्यांतल्या मुलामुलींना स्वागताची, स्वयंपाकाची, बागकामाची कामे मिळाली. वादकांना बिदागी मिळाली, आणि नव्या वादकांना ऐकणारे कान मिळाले. हे सर्व खरे आहे, आणि खरे ते मान्य करण्यात कोणाही कार्यकर्त्याने कुचराई करू नये.

प्रश्न एवढाच की, याला नाव काय द्यायचे? देणगी म्हणायचे, समाजसेवा म्हणायचे, की जाहिरात?

याचे उत्तर कायद्यात सापडते. आपल्याकडे मद्याची जाहिरात उघडपणे करता येत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मादक द्रव्याची जाहिरात छापण्यावर बंदी आहे, आणि केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांतही मद्याच्या जाहिरातीला मज्जाव आहे. साबणवाला आपला साबण दिवसातून पन्नास वेळा दाखवील. मद्यवाल्याला ते दार बंद. मग त्याने आपले नाव लोकांच्या तोंडी कसे ठेवावे? गाण्याला नाव द्यावे, खेळाला द्यावे, उत्सवाला द्यावे. हा एकट्या नाशिकचा प्रकार नाही. साऱ्या जगात मद्याचे धंदे हेच करतात. यात चोरी नाही. परंतु कारखान्याच्या नावाचा, कारखान्याच्या आवारात, तिकीट लावून भरविलेला उत्सव हा धंद्याचा खर्च आहे. तो चांगला धंदा असेल, त्यात चांगले गाणेही असेल. पण त्याला दान म्हणू नये.

दुसरी एक थैली आहे, ती कायद्याची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे, ज्या कंपनीची मालमत्ता, उलाढाल किंवा नफा ठरावीक मर्यादेपलीकडे आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च केले पाहिजेत. नफ्याची मर्यादा आहे वर्षाला पाच कोटी रुपये. शाळा, पाणी, आरोग्य यांच्याबरोबर कला आणि संस्कृती यांचाही त्या यादीत समावेश आहे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. २०२१ साली नियमांत एक महत्त्वाचा खुलासा आला: आपल्या मालाची विक्री वाढावी म्हणून जो कार्यक्रम कंपनी पुरस्कृत करते, तो या दोन टक्क्यांत धरता येणार नाही. म्हणजे जाहिरातीचा मंडप आणि समाजकार्याचा मंडप एक नव्हे, हे आता कायद्यानेच सांगितले आहे. तेव्हा दोन टक्क्यांतून गावाला पाण्याची टाकी मिळाली तर कंपनीचे स्वागत करावे, पण उपकार मानून वाकू नये. ती गावाची कायदेशीर येणी आहे.

तिसरी थैली खऱ्या देणगीची. तिचे जुने आणि मोठे उदाहरण मुंबईत आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी चीनशी व्यापार केला. त्यात कापूस होता आणि अफूही होती. त्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. त्या शाळेने महाराष्ट्राला चित्रकार आणि शिल्पकार दिले, खेड्यातल्या गरिबांची पोरेही तेथे शिकून मोठी झाली. अफूच्या पैशाने झालेली म्हणून ती चित्रे काळवंडली का? मुळीच नाही. पण ती चित्रे सुंदर निघाली म्हणून चीनमध्ये अफूने उद्ध्वस्त झालेल्या घरांचा हिशेब चुकता झाला का? तोही झाला नाही. पैशाचा उगम आणि पैशाचा उपयोग या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एकीवर रेघ मारून दुसरी लिहिता येत नाही. देणगीदाराचे नाव भिंतीवर असावे आणि धंद्याचा इतिहास पुस्तकात असावा. दोन्ही खरे असल्याने दोन्ही राहू द्यावे.

आता चौथी थैली, जिच्याबद्दल फार थोडे बोलले जाते. ती कामगाराची स्वतःची. कलेला सर्वांत आधी जे लागते ते पैसा नव्हे. लागतो तो वेळ. चौदा तास गिरणीत उभा राहणारा माणूस पेटी-तबला ऐकणार केव्हा? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. माझ्या मते मुंबईतल्या कामगार कलेचा तो पहिला आश्रय होय. भजनी मंडळे, तालमी, नाटक मंडळ्या, कामगार तमाशे, या सगळ्यांना आधी तो रविवार लागला. पुढे १९४४ च्या सुमारास अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले, तेव्हा त्याचा आश्रयदाता कोणी शेठ नव्हता. चाळीतला आणा-दोन आण्यांचा वर्गणीदार होता. १९५३ साली मुंबई कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. त्या निधीत कामगारांकडून वसूल झालेले दंड आणि त्यांनी न उचललेली थकलेली मजुरी जमा होण्याची तरतूद होती. म्हणजे कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत जो पडदा वर जातो, तो कामगाराच्याच घामाच्या दोरीने जातो. यात मला अभिमान वाटतो.

येथे माझ्या कामातला एक अनुभव सांगतो. आपल्याच परिसरातल्या एका गोदामाच्या ठेकेदाराने एका वर्षी गणेशोत्सवाच्या कमानीला घसघशीत रक्कम दिली. कमानीवर त्याचे नाव मोठ्या अक्षरांत लागले. त्याच वेळी त्याच्याकडच्या हमालांच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता आणि कार्यालयात भरला जात नव्हता. आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा गावातल्या चार बऱ्या माणसांनी आम्हालाच समजावले की, “अहो, एवढा उदार माणूस, त्याच्यामागे कशाला लागता?” आठ महिने भांडल्यावर पैसे भरले गेले. ती कमान हमालांच्या पैशातून उभी राहिली असे मी म्हणत नाही. पण त्या कमानीने हमालांच्या पैशाचा प्रश्न आठ महिने झाकून ठेवला, हे मात्र म्हणतो. आश्रयाचा खरा धोका हा आहे. तो पाहणाऱ्याचे तोंड गोड करून त्याचे डोळे मिटवतो.

मग कसोटी काय लावावी? मला चार प्रश्न पुरेसे वाटतात, आणि ते वाइनच्या कारखान्यालाच नव्हे तर बंदराला, गोदामाला, बांधकामवाल्याला, कोणालाही लावता येतील. मजुराची मजुरी आणि शेतकऱ्याचे बिल वेळेवर चुकते झाले आहे का? हा प्रश्न पहिला, कारण देणे फेडल्याशिवाय दान करणे हे शास्त्रातही निषिद्ध आहे. दुसरा, हा पैसा कोणत्या थैलीतला: जाहिरातीच्या, कायद्याच्या की खुशीच्या? तिसरा, कार्यक्रम ठरविण्यात गावाचा हात आहे काय? तिकिटाची किंमत अशी आहे काय, की ज्याच्या छाटणीवर मळा उभा आहे त्यालाही ते गाणे ऐकता येईल? आणि चौथा, पैसे घेतल्यावरही नाही म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो का?

हा चौथा प्रश्न मद्याच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा. वाइन सौम्य असली तरी मद्यच आहे. मद्याची अमुक मात्रा निर्धोक असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा-भांडारांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित हे कारण पुढे आले. विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि शासनाने लोकांचे म्हणणे मागविले. वाइनचे द्राक्ष हा राज्यातल्या एकूण द्राक्षक्षेत्राचा लहानसा हिस्सा आहे. तेव्हा सर्व द्राक्ष-शेतकऱ्यांच्या नावाने बोलताना सांभाळून बोलले पाहिजे. दुसऱ्या बाजूस, मद्य म्हटले की चर्चाच बंद, हेही बरोबर नाही. १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली, आणि खाडीकाठच्या गावांत हातभट्ट्या किती वाढल्या हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले. बंदीने प्रश्न सुटला नाही आणि मोकळिकीनेही सुटणार नाही. सुटेल तर लोकांच्या हातात निर्णय राहिल्यानेच. आपल्याकडे स्त्रियांच्या मागणीवरून मतदान घेऊन गावातले दारूचे दुकान बंद करता येते. आडवी बाटली म्हणून जे मतदान प्रसिद्ध आहे ते हेच. ज्या गावात कारखान्याच्या देणगीवर देवळाचा कळस चढला आहे, तेथील बाईला आडव्या बाटलीवर निर्धास्तपणे शिक्का मारता आला पाहिजे. ती जर बिचकली, तर ती देणगी गावाला महाग पडली असे समजावे.

उरणच्या माणसाला हे शिकवावे लागू नये. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाटा आणि नवघर येथे जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी आपले पाच शेतकरी गोळीबारात धारातीर्थी पडले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व आले. ती टक्केवारी कोणी दान म्हणून दिली नाही. त्यानंतर या भागात किती शाळांच्या भिंती रंगल्या, किती क्रीडास्पर्धांना ढाली मिळाल्या. त्या जरूर घ्याव्यात. पण ढाल वेगळी आणि हक्क वेगळा. ढालीवर कंपनीचे नाव कोरलेले असते, हक्कावर हुतात्म्यांचे.

नाशिकच्या त्या मळ्यावर कोणी गेला तर त्याने गाणे ऐकावे, सूर्यास्त पाहावा, आणि वाटेत छाटणीची टोळी दिसली तर मोटार थांबवून एकराचा भाव काय चालला आहे तेही विचारावे. आणि आपल्या व्याख्यानमालेपुरते बोलायचे तर माझी सूचना साधी आहे. कोणाचीही देणगी घ्या, पण पावतीवर ती कोणत्या थैलीतली ते लिहा, वर्षाचा हिशेब शेवटच्या व्याख्यानाच्या दिवशी फलकावर लावा, आणि घरटी वर्गणीची पेटी कधीही बंद करू नका. मोठ्या देणगीने मंडप मोठा होतो; लहान वर्गणीने व्यासपीठावरचा माणूस मोकळा बोलू शकतो.